निष्ठा आणि न्याय : लांगच्या ‘डी नीबेलुंगेन’मधील पुराकथेचा नैतिक अन्वयार्थ

१

निष्ठा हा सद्गुण आहे, हे बहुतेक संस्कृतींनी गृहीत धरले आहे. दिलेला शब्द पाळणारा, खाल्ल्या मिठाला जागणारा, संकटकाळी आपल्या माणसाला अंतर न देणारा मनुष्य आदरास पात्र ठरतो. फितुराला आणि घरभेद्याला लोककथेतही सहसा मानाचे स्थान मिळत नाही. परंतु निष्ठा स्वयमेव मूल्य आहे, की जिच्यावर ती ठेवली जाते त्या गोष्टीकडून तिला मूल्य प्राप्त होते, हा प्रश्न या गृहीतकाखाली झाकला जातो. अन्यायी माणसाला अखेरपर्यंत साथ देणे ही सद्गुणाची पराकाष्ठा मानावयाची, की अन्यायातील भागीदारी?

नीतिशास्त्र हा प्रश्न संकल्पनांच्या पातळीवर सोडवू पाहते. पुराकथा तो विशिष्ट माणसांच्या विशिष्ट कृतींतून उभा करते आणि पुष्कळदा अनुत्तरित ठेवते. मात्र पुराकथा तिच्या मूळ संहितेत स्थिर राहत नाही. ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि प्रत्येक वेळी तिचा कोणता भाग सांगावयाचा व कोणता गाळावयाचा याची निवड होत असते. ही निवड केवळ वाङ्मयीन नसून नैतिकही असते, हे विसाव्या शतकात ज्या एका कलाकृतीच्या निमित्ताने लख्खपणे दिसून आले, ती म्हणजे फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘डी नीबेलुंगेन’ हा जर्मन मूकपट.

२

‘सीगफ्रीड’ आणि ‘क्रीमहिल्डचा सूड’ अशा दोन भागांतील हा चित्रपट १९२४ च्या फेब्रुवारी आणि एप्रिल महिन्यांत बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. पटकथा थेआ फॉन हार्बू यांची. प्रत्येक भागाची रचना सात सर्गांत केलेली आहे, आणि आरंभी हा चित्रपट जर्मन जनतेला अर्पण केल्याची पाटी येते. चार वर्षांचे युद्ध हरलेल्या, चलनाच्या पूर्ण पतनातून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजाला त्याच्या ‘राष्ट्रीय’ महाकाव्याचे दर्शन घडविणे हा त्यामागील उघड हेतू होता.

कथेचा आधार असलेले ‘नीबेलुंगेनलीड’ हे काव्य इ. स. १२०० च्या सुमारास डॅन्यूब नदीच्या प्रदेशात एका अज्ञात कवीने रचले. त्याच्या मुळाशी पाचव्या शतकात हूणांच्या हातून झालेल्या बर्गंडी राज्याच्या नाशाची स्मृती आहे. मध्ययुगानंतर हे काव्य जवळजवळ विस्मरणात गेले. १७५५ मध्ये त्याचे एक हस्तलिखित सापडले आणि एकोणिसाव्या शतकात त्याला राष्ट्रीय महाकाव्याची प्रतिष्ठा मिळाली. म्हणजे ज्या ग्रंथाला अनादि राष्ट्रीय स्मृतीचे स्थान देण्यात आले, तो ग्रंथ त्या राष्ट्राने काही शतके वाचलेलाच नव्हता. १८७६ मध्ये बायरॉइथ येथे संपूर्णपणे सादर झालेल्या रिखार्ड वाग्नरच्या संगीतनाट्यमालिकेने ही कथा जगभर नेली. पण वाग्नरचा मुख्य आधार नॉर्डिक परंपरेचा होता. सीगफ्रीडच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने आपल्याच भावांवर घेतलेल्या सूडाचा सबंध उत्तरार्ध त्याने सोडून दिला आणि शेवट देवलोकाच्या विनाशात केला. लांग आणि हार्बू यांनी उत्तरार्ध कायम ठेवला, इतकेच नव्हे तर त्याला स्वतंत्र चित्रपटाचे स्थान दिले. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे.

३

पूर्वार्धाचे कथानक अद्भुताने भरलेले आहे. सीगफ्रीड ड्रॅगनला मारतो आणि त्याच्या रक्तात स्नान करून अवध्य होतो. मात्र लिंडेन वृक्षाचे एक पान त्याच्या पाठीवर पडलेले असल्याने तेवढी जागा भेद्य राहते. आल्बेरिख या खुजाला जिंकून तो अदृश्य होण्याचे साधन आणि नीबेलुंगांचा खजिना मिळवितो. वोर्म्स येथील बर्गंडी राजा गुंथर याची बहीण क्रीमहिल्ड हिच्याशी त्याला विवाह करावयाचा आहे. पण गुंथरचा मानकरी हागेन त्यासाठी एक अट घालतो. बलाढ्य ब्रुनहिल्डला जिंकण्यासाठी सीगफ्रीडने गुंथरला साहाय्य करावे. सीगफ्रीड अदृश्य राहून गुंथरच्या नावाने स्पर्धा जिंकतो, गुंथर आणि तो रक्तबंधू होतात, आणि पुढे गुंथरचेच रूप घेऊन तो ब्रुनहिल्डचा प्रतिकार मोडून काढतो. ही फसवणूक दोघी राण्यांच्या भांडणात उघडकीस येते. अपमानित ब्रुनहिल्ड सीगफ्रीडचा मृत्यू मागते. हागेन क्रीमहिल्डकडून मर्मस्थानाचे रहस्य काढून घेतो आणि शिकारीच्या वेळी झऱ्यावर पाणी पिणाऱ्या सीगफ्रीडला पाठीमागून भाल्याने मारतो. या हत्येला गुंथरची संमती असते.

निष्ठेचा प्रश्न येथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो. पतीच्या मृतदेहापाशी उभी असलेली क्रीमहिल्ड हागेनकडे बोट दाखवून भावांकडे न्याय मागते, आणि भाऊ हागेनच्या पुढे आडवे उभे राहतात. त्याने आपल्यासाठी कृत्य केले, तेव्हा आपण त्याला सोडू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. वरवर पाहता हे निष्ठेचे उदात्त दर्शन आहे. पण त्याच गुंथरने सीगफ्रीडशी रक्ताची शपथ घेतली होती आणि ती मोडली होती. एक निष्ठा पायदळी तुडवून झाल्यावर दुसरीचे नाव घेतले जाते. मारेकऱ्याला पाठीशी घालणाऱ्यांनी त्याला निष्ठा म्हणावे हे स्वाभाविक आहे. एकत्र केलेल्या अपराधातून निर्माण झालेल्या बंधनाला प्रतिष्ठित नाव हवेच असते. चित्रपट हा विसंवाद शब्दांत मांडत नाही. पण शपथेचे दृश्य आणि संरक्षणाचे दृश्य एकाच भागात असल्याने प्रेक्षकाला तो टाळता येत नाही.

उत्तरार्धात हेच सूत्र शेवटापर्यंत ताणले जाते. क्रीमहिल्ड हूणांचा राजा एट्झेल याच्याशी विवाह करते. पण त्यापूर्वी त्याचा दूत रूडिगर याच्याकडून आपल्यावरील अन्यायाच्या परिमार्जनाची शपथ घेते. काही वर्षांनी ती भावांना आमंत्रित करते. एट्झेलला ती हागेनच्या वधाची गळ घालते तेव्हा तो नकार देतो : त्याच्या वाळवंटी परंपरेत पाहुणा पवित्र असतो. अखेर क्रीमहिल्डच्या चिथावणीने हूण सैनिक हल्ला करतात, हागेन एट्झेलच्या कोवळ्या मुलाचा वध करतो, आणि आतिथ्याचा धर्म संपुष्टात येतो. यानंतरही क्रीमहिल्ड सुटकेचा मार्ग देते : एकट्या हागेनला स्वाधीन करा, बाकी सर्व जिवंत परत जा. भाऊ पुन्हा नकार देतात. सभागृहाला आग लावली जाते, आणि एकेक करून सर्व मरतात.

४

मध्ययुगीन जर्मनमध्ये निष्ठेसाठी असलेला शब्द काव्यात दोन्ही पक्षांना लावला जातो, ही गोष्ट या कथेचा सर्रास अर्थ लावताना दुर्लक्षिली जाते. भाऊ हागेनशी एकनिष्ठ आहेत; पण क्रीमहिल्डही निष्ठेनेच वागत असते. मृत पतीवरील तिची निष्ठा काळाने, दुसऱ्या विवाहाने, मातृत्वानेही कमी होत नाही. चित्रपटात सीगफ्रीडचे रक्त सांडलेल्या जागेची माती ती आपल्याबरोबर हूणांच्या देशात नेते. म्हणजे संघर्ष निष्ठा आणि द्रोह यांच्यातील नसून निष्ठा आणि निष्ठा यांच्यातील आहे. आणि दोन निष्ठा परस्परांसमोर उभ्या ठाकल्यावर कोणती पाळावी हे निष्ठेला ठरविता येत नाही. त्यासाठी तिच्याबाहेरचा निकष, म्हणजे न्यायाचा निकष, लागतो.

हे कोडे सर्वांत तीव्रतेने रूडिगरच्या वाट्याला येते. तो एट्झेलचा मांडलिक आहे, क्रीमहिल्डला त्याने शपथ दिली आहे, बर्गंडींना त्याने आपल्या घरी पाहुणचार केला आहे, आणि त्याची मुलगी गुंथरच्या धाकट्या भावाला, गीझेलहेरला वाग्दत्त आहे. मूळ काव्यात तो आपली जहागीर परत करून पायी चालते होण्याची तयारी दाखवितो. ती नाकारली जाते. लढण्यापूर्वी तो ढाल फुटलेल्या हागेनला स्वतःची ढाल देतो आणि मग त्याच्या पक्षाविरुद्ध लढत मरतो. शपथेने बांधलेल्या सज्जन माणसाला कोणतीही कृती निर्दोष राहत नाही, याचे इतके निर्दय चित्र क्वचितच सापडेल.

अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘निष्ठेचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात निष्ठेला नीतीचे मूलतत्त्व मानले. निष्ठांच्या संघर्षाची अडचण त्याला जाणवली होती, आणि तिला त्याने दिलेले उत्तर असे की, माणसाने ‘निष्ठेशी निष्ठा’ ठेवावी. ज्या ध्येयामुळे इतरांच्या निष्ठा नष्ट न होता वाढतील तेच स्वीकारावे. हे उत्तर चतुर आहे, परंतु ते रूडिगरला उपयोगी पडत नाही. त्याच्यापुढील प्रत्येक मार्गात कोणाची तरी निष्ठा उद्ध्वस्त होणारच आहे. शिवाय रॉइसच्या निकषात न्यायाची कल्पना मागल्या दाराने आत आली आहेच, कारण इतरांच्या निष्ठांचा समान आदर करणे हे न्यायाचेच एक रूप आहे.

हागेनचा शेवट तर या मूल्याचे स्वतःवर उलटणे दाखवितो. बंदिवान हागेनला क्रीमहिल्ड खजिन्याची जागा विचारते. आपल्या राजांपैकी एकजणही जिवंत असेपर्यंत ती न सांगण्याची शपथ आपण घेतली आहे, असे तो म्हणतो. तेव्हा क्रीमहिल्ड गुंथरचे मस्तक उडविण्याची आज्ञा देते. हागेन समाधानाने सांगतो की, आता हे रहस्य त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्यासाठी शपथ होती त्याचाच बळी शपथेने घेतला, आणि शपथ तेवढी शिल्लक राहिली.

५

मूळ कथेत इतका अंतर्विरोध असताना ती राष्ट्रीय सद्गुणाचे प्रतीक कशी झाली? या प्रश्नाचे उत्तर तिच्या सार्वजनिक वापराच्या इतिहासात आहे. मार्च १९०९ मध्ये, बोस्नियाच्या सामिलीकरणावरून निर्माण झालेल्या पेचप्रसंगी, जर्मनीचे चॅन्सेलर बर्नहार्ड फॉन ब्यूलो यांनी संसदेत ऑस्ट्रिया-हंगेरीशी असलेल्या मैत्रीसाठी ‘नीबेलुंग-निष्ठा’ हा शब्दप्रयोग केला. या निष्ठेचा शेवट जळत्या सभागृहात होतो, हे ज्ञात असूनही तिला आदर्श म्हणून पुढे केले गेले. पाच वर्षांनी ही मैत्री महायुद्धात उतरली. युद्ध हरल्यानंतर फील्ड मार्शल हिंडेनबुर्ग यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात जर्मन सैन्याची तुलना हागेनच्या कपटी भाल्याने पडलेल्या सीगफ्रीडशी केली. ‘पाठीत खंजीर’ खुपसल्याच्या खोट्या दंतकथेला त्यामुळे पौराणिक वलय लाभले. पुढे ३० जानेवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राड येथील सैन्य शरणागतीच्या उंबरठ्यावर असताना, हेर्मान ग्योरिंग यांनी भाषणात त्या सैनिकांना जळत्या सभागृहात अखेरपर्यंत लढणाऱ्या नीबेलुंगांची उपमा दिली.

या तीन प्रसंगांना एकत्र पाहिले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. १९२० मध्ये हागेन हा द्रोह्याचा आदर्श नमुना आहे. १९०९ आणि १९४३ मध्ये तोच हागेन ज्यांच्यात आहे अशांची निष्ठा अनुकरणीय ठरते. कथा एकच, परंतु गरजेनुसार तिचा एक तुकडा उचलला जातो. रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये आधुनिक मिथकाचे कार्य इतिहासाला निसर्गाचे रूप देणे असे सांगितले आहे. येथे त्याआधीची एक पायरी दिसते : मिथक निसर्गरूप धारण करण्यापूर्वी अर्धे कापावे लागते. संपूर्ण कथा सांगितली तर सीगफ्रीडच्या मृत्यूला कारणीभूत झालेली फसवणूक, भावांचा शपथभंग आणि निरपराध्यांचा संहार यांचाही हिशेब द्यावा लागेल.

चित्रपटाचे भवितव्यही असेच झाले. योझेफ ग्योबेल्स यांनी मार्च १९३३ मधील चित्रपटव्यावसायिकांपुढील भाषणात अनुकरणीय चित्रपटांमध्ये ‘डी नीबेलुंगेन’चा उल्लेख केला, आणि त्याच वर्षी ध्वनीची जोड देऊन पुन्हा प्रदर्शित झाला तो केवळ पूर्वार्ध. गोरा वीर आणि पाठीमागून झालेला वार एवढेच त्यात उरते. वीराला मारणारे आणि त्यांच्यासाठी मरणारे एकाच घराण्याचे आहेत, हे सांगणारा भाग गळून पडतो. लांगने त्याच वर्षी जर्मनी सोडली. हार्बू तेथेच राहिल्या.

६

असे असले तरी सर्व दोष वापरणाऱ्यांच्या माथी मारून चित्रपटाला मोकळे सोडता येणार नाही. सीगफ्रीड क्राकाउअर याने १९४७ च्या ‘कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत’ या ग्रंथात नोंदविलेला आक्षेप दुर्लक्षणीय नाही. पूर्वार्धातील माणसे वास्तूचा भाग होतात; शिरस्त्राणे घातलेल्या सैनिकांच्या रांगा खांबांसारख्या उभ्या असतात; ब्रुनहिल्ड किनाऱ्यावर उतरताना पाण्यात उभे असलेले सैनिक डोक्यावर ढाली धरून तिच्यासाठी पूल होतात. माणसाचे आभूषणात झालेले हे रूपांतर पुढील दशकातील संचलनांची पूर्वछाया वाटते. शिवाय आल्बेरिखच्या चित्रणात ज्यूविरोधी व्यंगचित्रांची छटा अनेक समीक्षकांना दिसली आहे, आणि हूणांचे चित्रण वांशिक तिरस्कारापासून मुक्त नाही.

याहून गंभीर दोष एका संवादपाटीत आहे. हागेनला स्वाधीन करण्यास भावांनी नकार दिल्यावर एट्झेल चकित होतो, तेव्हा डीट्रिख त्याला सांगतो की, जर्मन आत्मा त्याला ठाऊक नाही. तोवर जे एक नैतिक कृत्य होते, ज्याविषयी योग्य की अयोग्य असा प्रश्न विचारता येत होता, त्याचे एका वाक्यात वंशस्वभावात रूपांतर होते. स्वभावाला कोणी जबाबदार धरीत नाही. नियतीची भव्यता आणि स्वभावाची अपरिहार्यता या दोन्हींच्या आड निवडीचा क्षण लपविला जातो.

परंतु चित्रपटाची दृश्ये या पाटीला पुरती वश होत नाहीत. पूर्वार्धातील काटेकोर सममिती उत्तरार्धात ढासळत जाते. माती, धूर आणि अस्ताव्यस्त देह पडदा व्यापतात. ज्या एट्झेलला रानटी म्हणून उभे केले, तोच पाहुण्याच्या, म्हणजे परक्याच्या, हक्काचे भान ठेवणारा एकमेव राजा आहे. सुसंस्कृत वोर्म्सचा धर्म आपल्या माणसापाशी संपतो. वाळवंटातल्या राजाचा धर्म दारी आलेल्या परक्यापर्यंत पोहोचतो. हा विरोध पटकथेला अभिप्रेत होता किंवा नाही, हा प्रश्न गौण आहे. संहितेत तो आहे.

७

महाभारताशी परिचित असलेल्या वाचकाला येथे कौरवसभा आठवणे अपरिहार्य आहे. तेथेही दिलेल्या शब्दाने आणि खाल्लेल्या अन्नाने बांधलेले मोठे लोक अन्यायाच्या बाजूने उभे राहतात. पराभव दिसत असूनही कर्ण दुर्योधनाला सोडीत नाही. द्रौपदीच्या बाजूने बोललेला विकर्णही अखेर भावांच्याच बाजूने लढून मरतो. मात्र महाभारतात आणखी एक व्यक्ती आहे : धृतराष्ट्राचा पुत्र युयुत्सू. युद्धाच्या आरंभी तो उघडपणे पक्ष सोडून पांडवांकडे जातो आणि युद्धानंतर जिवंत राहतो. नीबेलुंगांच्या कथेत युयुत्सू नाही. बर्गंडींपैकी कोणी एक जरी हागेनपासून दूर होऊन उभा राहिला असता, तरी तो नकार ‘जर्मन आत्मा’ न ठरता काही माणसांनी केलेली निवड ठरला असता. मात्र संहितेत युयुत्सू असणे आणि समाजाच्या स्मरणात तो असणे यांत अंतर आहे. मराठी वाचकांनी ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ यांतील कर्णाला हृदयाशी धरले. युयुत्सूला तसे भाग्य लाभले नाही. धर्मवीर भारती यांच्या ‘अंधा युग’मध्ये त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले, पण तेथेही तो उपेक्षित आणि आत्मघाताकडे ढकलला गेलेला आहे. एकनिष्ठ माणसाच्या शोकांतिकेचे आकर्षण आणि न्यायासाठी आपल्यांना सोडणाऱ्याविषयीची अढी ही केवळ एका राष्ट्राची व्याधी नाही.

जर्मन परंपरेला आत्मपरीक्षणाची संधी मिळाली नव्हती असे नाही. ‘नीबेलुंगेनलीड’च्या बहुतेक पूर्ण हस्तलिखितांत त्याला जोडून ‘विलाप’ नावाचे दुसरे काव्य येते. त्यात मागे राहिलेले लोक मृतांना ओळखतात, पुरतात, घरोघरी वार्ता पोहोचवितात आणि दोष कोणाचा याची चर्चा करतात. क्रीमहिल्डचे कृत्य निष्ठेतून घडले म्हणून तिला तेथे क्षमा मिळते आणि हागेनवर दोष ठेवला जातो. हा निवाडा मान्य असो वा नसो, मध्ययुगीन लेखनिकांना संहारानंतर निवाड्याची गरज वाटली, हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांनी मूळ काव्य उचलले आणि ‘विलाप’ विद्वानांच्या स्वाधीन केला. लांगचा चित्रपटही प्रेतांच्या राशीपाशी थांबतो.

पुराकथा नैतिक किंवा अनैतिक नसते. ती सांगणारे आणि ऐकणारे असतात, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल. परंतु सांगणाऱ्याची जबाबदारी नेमकी कोणती, हे ‘डी नीबेलुंगेन’चा इतिहास ठोसपणे दाखवितो. कथा कोठे थांबवावयाची याचा निर्णय ज्याच्या हाती असतो त्याच्या हाती तिचा नैतिक अर्थही असतो. मुर्नाव प्रतिष्ठानाने २०१० मध्ये पूर्ण केलेल्या पुनरुज्जीवित प्रतीमुळे दोन्ही भाग सलग पाहता येतात. साडेचार तासांहून अधिक लांबीची ही प्रत सलग पाहणाऱ्याला झऱ्यावरचा भाला आणि जळते सभागृह एकाच कथेचे भाग म्हणून पाहावे लागतात. निष्ठेविषयी काही बोलावयाचे असल्यास त्यांपैकी कोणतेही एक वगळून चालणार नाही.